पाईप पोचला तिथपर्यंत

तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर जिथे लोक कॅलेंडर लावतात, तिथे एक लाकडी फळी ठोकलेली आहे. फळीवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नळाची एकेक मूठ टांगलेली. पितळी, स्टीलच्या, प्लास्टिकच्या, एक तर चक्क फुलाच्या आकाराची गुलाबी. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: 'दातांचे डॉक्टर', 'जुळ्यांची आई', 'कोपऱ्यावरचे शिंपी', 'हेडबाई'. पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला वाटतं, ही बाई भंगाराचा धंदा करते की काय! तर नाही. ही बाई बागा करते. आणि या मुठी तिने लोकांच्या अंगणातल्या नळांवरून, स्क्रू काढून, घरमालकाच्या डोळ्यांदेखत आणलेल्या आहेत. म्हणून तिला सगळे मूठवाली म्हणतात. तोंडावर ताई, पाठ वळली की मूठवाली. तिला दोन्ही ऐकू येतं.

आता हा काय वेडेपणा, असं कुणीही विचारेल. सांगण्यासारखंच आहे ते.

मूठवाली कमी पाण्याच्या बागा करते. म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवर, खाणीच्या कडेला, जिथे कुणी कधी झारी घेऊन गेलेलं नाही तिथे जी झाडंझुडपं आपली आपण उगवतात, त्यांची बी आणि कंद आणायचे, रोपं करायची आणि ती घराच्या अंगणात नीट मांडायची. पहिलं वर्षभर त्यांना पाणी द्यायचं, तेही मोजून. आधी आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग पंधरवड्यातून. मुळं खोल गेली की दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी बंद. थोडं कमी वगैरे नाही, बंद म्हणजे बंद. कारण ही झाडं भर उन्हाळ्यात झोपतात. पानं गाळतात, काड्या होतात, कंद तर जमिनीखाली असे गुडूप होतात की वर काही होतं याची खूणसुद्धा राहत नाही. त्या झोपेत त्यांच्या मुळाशी पाणी गेलं, की तापलेल्या मातीत ती सडतात. संपलं.

आणि माणसाचं म्हणाल, तर त्याला झाड सुकलेलं दिसलं की राहवत नाही. "थोडंसंच घातलं हो ताई, जीव तुटत होता," असं म्हणत पहिल्या तीन घरांनी तिच्या तीन बागा प्रेमाने मारल्या. चौथ्या घरी तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, नळाची मूठ काढली, पिशवीत टाकली आणि म्हणाली, "उन्हाळा संपला की आणून देते." तेव्हापासून ही पद्धत. दातांच्या डॉक्टरांचा एकदा फोन आला, गाडी धुवायचीय, मूठ पाठवता का? ती म्हणाली, स्वयंपाकघरातून बादली न्या. डॉक्टर म्हणाले, बादली जड होते. ती म्हणाली, मग गाडी मळकीच बरी दिसते.

बोलायला अशी फटकळ. पण कामाला बसली की तिच्याइतकी सबुरी कुणात नाही. नव्या घरी पहिल्या दिवशी ती झाडाचं नावसुद्धा काढत नाही. एक खुर्ची मागते, एक बादली पाणी मागते, अंगणाच्या वरच्या टोकाला बादली उपडी करते आणि पाणी कुठे जातं, कुठे थांबतं, कुठे मुरायला किती वेळ लागतो ते बघत बसते. तासभर. घरची माणसं खिडकीतून एकमेकांना खुणावतात. मग ती उठते आणि पायानेच मातीवर रेघा मारते: इथे उथळ खळगा, इथे दगडांची रांग, इथे बारीक खडीचा थर, बाथरूमचं पाणी या एका झाडाला. नऊ वर्षं ती एका नर्सरीत नोकरीला होती. चटईसारखी गुंडाळलेली हिरवळ विकायची, आणि तीच गिऱ्हाइकं दर वर्षी नवी चटई न्यायला यायची. "मेलं का?" "मेलं." "परत देऊ?" "द्या." नऊ वर्षं हाच संवाद करून ती एक दिवस वैतागली आणि नोकरी सोडून टेकडी चढायला लागली.

झाडांची खरी नावं ती गिऱ्हाइकांना सांगत नाही. नावं ऐकून लोक बिचकतात म्हणते. ती आपली नावं ठेवते. जमिनीखाली गुडूप होणारा कंद म्हणजे झोपाळू. जवळ गेलं की ओरबाडणारं झुडूप ते काटेकाकू. राखाडी पानांचं, पांढऱ्या लवेचं, ती म्हातारी. आणि काहीही केलं तरी न मरणारं गवत, त्याचं नाव चिवट.

हे सगळं ठीक. पण गल्लीत जो विनोद चालतो तो वेगळाच आहे. तो तिच्या वडिलांवरून.

तिचे वडील म्हणजे पाणीदादा. शहराच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं नोकरी. रोज पहाटे सायकलच्या दांडीला लांबलचक लोखंडी चावी बांधून निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी खाली सोडून व्हॉल्व्ह फिरवायचे. त्यांनी फिरवला की त्या गल्लीत नळांना पाणी. अख्खं शहर त्यांच्या हातून पाणी प्यायलं, असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. बापाने जन्मभर लोकांना पाणी सोडलं आणि लेक दारोदार जाऊन ते बंद करते, हा तो विनोद. पाणीदादा स्वतःच तो बाकावरच्या मित्रांना सांगतात आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसतात.

घरात मात्र या दोघांचा तह झालेला होता. पुढचं अंगण लेकीचं, मागचं बापाचं. पुढे काटेकाकू, म्हातारी, खडी. मागे गुलाब, पुदिना, अळू, सगळी तहानलेली मंडळी. गुलाब तिच्या आईने लावलेले. आई जाऊन सहा वर्षं झाली. रोज सकाळी पाणीदादा मागचा नळ सोडायचे, पहिलं पाणी तळव्यावर घेऊन जोर किती आहे ते बघायचे आणि मग एकेका झाडाच्या बुंध्याशी पाईप टेकवून पोटभर पाणी घालायचे. उडवाउडवी नाही, फवारा नाही. पाण्याचा थेंब वाया गेलेला त्यांना खपायचा नाही.

"बाबा, गुलाबाला पोहायला शिकवताय का?" ती खिडकीतून ओरडायची.

"तू तुझ्या काड्या सांभाळ," ते खालून म्हणायचे.

फळीवर सगळ्या गावच्या मुठी होत्या, पण मागच्या अंगणातल्या नळाची मूठ काढायचा विचारही तिने कधी केला नव्हता. काही गोष्टींना हात लावायचा नसतो, एवढं तिला कळत होतं.

तर, हेडबाई.

हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या शहराच्या पाठीत त्यांनी कधी ना कधी धपाटा घातलेला. त्यांचं घर अगदी कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांवरून दिसणारं. पुढे मोठं अंगण आणि अंगणभर लॉन. ते त्यांच्या यजमानांनी वाढवलेलं. यजमान गेल्यावर लॉन पिवळं पडत गेलं, बाईंचे गुडघे गेले आणि उन्हाळ्यात नळाला पाणी बेताचंच यायला लागलं. शेवटी त्यांनी मूठवालीला बोलावलं. खुर्ची दिली, बादली दिली, तासभर काही न बोलता बघत राहिल्या. मग फाटकाशी उभं राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ मुली, मी कुणालाही एकदाच संधी देते. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी हे मेलेलं दिसलं, तर ह्यांचं लॉन परत लावायचं. आणि ते तू स्वतःच्या हाताने लावायचंस. कबूल?"

"कबूल," मूठवाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार? हेडबाईंसमोर 'विचार करून सांगते' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

गल्लीतल्या सात घरांनी तेव्हाच ठरवून टाकलं, हेडबाईंचं काय होतंय ते बघू, मग आपलं. म्हणजे ही बाग तगली तर गल्ली तिची. नाही तगली, तर जिथून नोकरी सोडून आली त्याच चटया स्वतःच्या हाताने अंथरायच्या, आणि तेही कोपऱ्यावर, सगळ्यांच्या देखत. तिने वर्षभर त्या बागेत जीव ओतला.

दुसरा उन्हाळा आला. तिने मूठ काढली, चिठ्ठी बांधली, फळीला लावली. हेडबाई दोन-अडीच महिने मुलीकडे राहायला गेल्या. नातवंड व्हायचं होतं. आणि पाच आठवड्यांत बाग जी झोपली ती अशी झोपली, की बघणाऱ्याला मेलीच वाटावी. काड्या, खडी, करपलेलं गवत. येणारा-जाणारा थबकायचा, च्‌च्‌ करायचा आणि पुढे जायचा. शिंपी, जे स्वतः तिचंच गिऱ्हाईक, तेही म्हणाले, "ताई, आमचं एवढं नव्हतं हो वाळलं." ती म्हणाली, "तुमचं अंगण रुमालाएवढं. तेवढं कितीसं वाळणार?"

वरवर ती अशी बिनधास्त. पण तिलाही भीती वाटत होती. म्हणूनच तिचा स्वतःसाठी एक नियम होता: झोपलेल्या बागेकडे तीन आठवड्यांतून एकदाच जायचं. रोज गेलं की आपलेच हात शिवशिवतात.

एकदा जेवताना पाणीदादांनी विचारलं, "हेडबाईंची बाग कशी आहे गं?"

"झोपलीय."

"लोक म्हणतात मेली."

"लोकांना काय कळतंय!"

"हं," म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सकाळचं फिरणं लांबलं. येताना पायजम्याच्या कडा ओल्या असायच्या. तिच्या नजरेला पडल्या होत्या त्या, पण मागच्या अंगणात पाणी घालून आले असतील, असं समजून तिने सोडून दिलं.

ठरलेल्या दिवशी ती बाग बघायला गेली. फाटक उघडलं आणि दोन पावलांतच थांबली. वास. ओल्या, आंबलेल्या मातीचा वास. तिने म्हातारीच्या बुंध्याशी बोट खुपसलं. चिखल. झोपाळूच्या जागेवरची खडी बाजूला केली, कंद वर काढला, तर तो बोटांत पिचकला. दुसरा काढला, तोही. मग संताप असा उसळला की तिने तिथल्या तिथे हेडबाईंना फोन लावला.

"बाई, पाणी कुणाला घालायला सांगितलंत?"

"काय?"

"बागेत पाणी घातलंय कुणीतरी. रोज. सगळं सडलंय. घालायचंच होतं तर मला एकदा सांगायचंत तरी! मी लॉनच लावून दिलं असतं!"

पलीकडे लहान बाळ रडत होतं. मग हेडबाईंचा आवाज आला, अगदी थंड. "चाळीस वर्षं परीक्षा घेतल्या मी. कॉपी करणाऱ्याला कधी सोडलं नाही आणि स्वतः कधी केली नाही. मी पंधरा दिवसांनी परत येणार आहे. तोपर्यंत कुणी केलं ते शोध, आणि मग माझ्याशी बोल." फोन बंद.

मूठवालीचं तोंड एवढंसं झालं. ती नळाशी गेली. मूठ नव्हतीच, ती फळीवर होती. मूठ नसलेला नळ पान्याने किंवा पकडीने पिळता येतो, हे कुणालाही माहीत असतं. पण मग पितळेवर ओरखडे उठतात. इथे एकही ओरखडा नव्हता. म्हणजे पिळणाऱ्याने आधी फडकं गुंडाळलं होतं. आणि दुसरं एक. हा नळ गळका होता. बाग करायला घेतली तेव्हापासून टपटप गळायचा, हेडबाई त्याला 'उनाड मुलगा' म्हणायच्या. आता तो गळत नव्हता. तिने वाकून बघितलं. नळाच्या मानेशी सुताचा दोरा गुंडाळलेला होता. घट्ट, एकावर एक नव्हे तर एकाशेजारी एक, मोजून नऊ वेढे, आणि शेवटी आत खोचलेली गाठ.

नऊ वेढे. लहानपणी तिने हे हजारदा पाहिलं होतं. आठात गळतो आणि दहात अडकतो, असं ते म्हणायचे.

चोरून पाणी घालायला आलेला माणूस जाता जाता नळ दुरुस्त करून गेला होता. जगात असा चोर एकच असू शकतो, आणि तो तिच्या घरी राहतो. ती हेडबाईंच्या पायरीवर बसली. आधी तिला हसू आलं, मग रडू.

घरी आली तेव्हा पाणीदादा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. दारात त्यांच्या चपला. चपलांच्या तळाला हेडबाईंच्या बागेतली लालसर खडी रुतलेली.

"बाबा, हेडबाईंच्या नळाला दोरा छान गुंडाळलाय," ती म्हणाली.

पेपर खाली आला. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "गळत होता गं," म्हणाले.

"आणि बाग?"

"जळत होती." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "बाकावर सगळे म्हणत होते, तुमच्या पोरीने हेडबाईंच्या बागेचं वाटोळं केलं. मी बघायला गेलो. नुसत्या काड्या. मला वाटलं, ही वेळेवर गेली नाही, कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. आता सगळ्यांसमोर हिला खाली बघायला लागणार. म्हटलं, गुपचूप जगवून टाकू. तुला कळणारही नाही. बादली काही उचलत नाही गुडघ्यामुळे, म्हणून तिथलाच पाईप लावला."

"ती झोपली होती बाबा. मेली नव्हती. तुम्हाला किती वेळा सांगितलंय!"

"झोपलेल्याला तहान लागत नाही?"

"नाही लागत!" ती ओरडली. "पाण्यानेच मरतात ती! तुम्ही मारलीत माझी बाग!"

ओरडली आणि लगेच पस्तावली, कारण म्हातारा माणूस खुर्चीतल्या खुर्चीत एवढासा होऊन गेला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईलाही डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. पाण्यानेच त्रास होईल म्हणाले. शेवटचे चार दिवस. चमच्याने मोजून द्यायचं. ती माझ्याकडे बघायची, आणि मी चमचा घेऊन बसायचो. अख्ख्या शहराला पाणी सोडलं मी. घरातल्या बाईला पेलाभर देता आलं नाही." त्यांनी पेपरची घडी केली, परत उलगडली, परत केली. "त्यानंतर वाळलेलं काही बघवत नाही मला."

सहा वर्षांत हे ते कधी बोलले नव्हते. ती त्यांच्या पायाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मग तिने दारातल्या चपला ओढून घेतल्या आणि तळातली खडी एकेक करून काढली.

हेडबाई परत आल्या त्या संध्याकाळी मूठवाली त्यांच्या दारात उभी होती. आधी माफी मागायची, मग लॉन कधी लावायचं ते विचारायचं, आणि पाणी कसं गेलं ते मोघम सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण मागून चपलांचा आवाज आला. पाणीदादा. धुतलेला शर्ट घालून, खांदे ताठ.

"बाई, पाणी मी घातलं," ते म्हणाले. "अकरा दिवस. पोरीचा यात काही दोष नाही. लॉन लावायचं तर मी लावीन."

हेडबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. गुन्हा कबूल करायला वडील पुढे आणि मुलगी मागे, असं त्यांनी शाळेत कधी पाहिलं नसावं. "माझा नळही तुम्हीच दुरुस्त केलात वाटतं," त्या म्हणाल्या.

"गळत होता."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "मी मुलीला काय म्हणाले होते? उन्हाळ्याच्या शेवटी. उन्हाळा संपलाय का?"

"अजून तीन आठवडे आहेत," मूठवाली म्हणाली. "पण बाई, मी कंद काढून बघितलेत—"

"वेळ संपायच्या आधी मी कुणाचा पेपर ओढून घेत नाही. या तीन आठवड्यांनी. दोघंही."

ते तीन आठवडे कसे गेले ते त्या बापलेकीलाच माहीत. दोघांचा जीव टांगणीला. खिडकीतून ओरडणं नाही की खालून उत्तर नाही. तिने नर्सरीत लॉनची चौकशीही करून ठेवली. जुना मालक म्हणाला, "आलीस का परत?" तिने फोन ठेवून दिला.

मग हवा फिरली. वारा गार झाला, ढग येऊन गेले, एकदोनदा भुरभुर झाली. आणि एका सकाळी हेडबाईंचा फोन. "ये. वडिलांना घेऊन ये."

फाटकाशी गल्ली जमली होती. शिंपी होते, जुळ्यांची आई होती, त्या सात घरांतली माणसं होती. हेडबाई अंगणाच्या मध्ये, हातात काठी घेऊन, फळ्यापुढे उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या.

नळापासून पुढे पंधरा पावलं, एवढ्या भागात काहीही नव्हतं. काळपट माती, कुजक्या काड्या. आणि तिथे, जणू कुणी दोरी धरून आखली असावी अशी एक गोलाकार रेघ होती, आणि रेघेच्या पलीकडे बाग जागी झाली होती. काटेकाकूला बोटभर पोपटी फुटवे. म्हातारी पांढऱ्या लवेने भरलेली. झोपाळूने तर कमालच केली होती. पान एक नाही आणि खडी फोडून सरळ फुलांचे दांडेच वर, शेकड्यांनी, फिकट जांभळे, थेट कुंपणापर्यंत. चिवटबद्दल काय सांगायचं? ते तर चिवटच.

मूठवाली त्या रेघेकडे बघत राहिली आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. हेडबाईंचा पाईप टोकाला फाटला होता म्हणून त्यांनी गेल्या वर्षी कात्रीने कापला होता. पंधरा पावलांचाच उरला होता. पाणीदादांनी सवयीप्रमाणे फवारा उडवला नव्हता, पाईप फक्त बुंध्याशी टेकवला होता. बादली उचलायला गुडघ्यांनी साथ दिली नव्हती. जिथवर पाईप पोचला तिथवर बाग मेली होती. जिथे नाही पोचला, तिथे जिवंत होती.

"बघा," हेडबाईंनी काठी उचलली. "इकडे रोज पाणी मिळालं. तिकडे थेंब नाही. माती तीच, झाडं तीच, ऊन तेच. कुणाला काही शंका?"

कुणालाच शंका नव्हती. जुळ्यांच्या आईने दोन्ही पोरांना पुढे ढकलून दाखवलं. सात घरांपैकी एकाने तिथेच विचारलं, "ताई, आमच्याकडे खुर्ची टाकायला कधी येताय?" दुसऱ्याने म्हटलं, आधी आमच्याकडे.

"लॉन नको मला," हेडबाई मूठवालीला म्हणाल्या. "तू पास. आणि हा अर्धा भाग वर्षभर असाच राहू दे. एवढं सोपं करून मला चाळीस वर्षांत शिकवता आलं नाही."

सगळे हसले. पाणीदादा हसले नाहीत. ते त्या रेघेशी गेले, चपलेचं टोक बरोबर रेघेवर ठेवलं आणि पलीकडच्या जांभळ्या फुलांकडे बघत उभे राहिले. "इथपर्यंत पाईप पोचला," ते स्वतःशीच म्हणाले. "पुढे पोचला असता तर तेही गेलं असतं." मग ते घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मूठवालीला जाग आली ती शांततेने. मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज येत नव्हता. ती उठली, स्वयंपाकघरात आली, पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि वर नजर गेली. फळीच्या टोकाला एक नवा खिळा होता. खिळ्याला स्टीलची, झिजलेली मूठ. आणि चिठ्ठी, पाणीखात्याच्या रजिस्टरमध्ये लिहायचे तशा ठळक, उभ्या अक्षरात: 'मागचं अंगण'.

पाणीदादा मागच्या दारात बसले होते, अंगणाकडे पाठ करून.

तिने मूठ खिळ्यावरून काढली. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर घेतला, अंगणात उतरली, मूठ नळावर बसवली आणि स्क्रू घट्ट आवळला. ते मागे वळून बघत होते.

"हे काय करतेस? राहू दे. माझ्या हातून परत काहीतरी होईल."

"बाबा, हेडबाईंची झोपली होती. ही जागी आहेत." तिने पाईप उचलून त्यांच्या हातात दिला. "आईचे गुलाब आहेत. कालपासून तहानलेत."

पाईप हातात धरून ते उठून उभे राहिले.

"घाला ना," ती म्हणाली. "आणि मोजून नको. पोटभर घाला."

पाणीदादांनी नळ सोडला आणि पहिलं पाणी तळव्यावर घेऊन जोर किती आहे ते बघितलं.